रंगाखालून पुन्हा वर येणारी सांध्याची रेघ: कारण ओळखणे आणि दुरुस्ती

स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटपासून शर्यतीच्या मोटारीच्या छोट्या मॉडेलची बॉडी स्वतः घडवणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते. सांधा नीट भरलेला असतो, घासून सपाट केलेला असतो, त्यावरून बोट फिरवले तर काहीही जाणवत नाही आणि प्रायमरखाली तो पूर्णपणे नाहीसा झालेला असतो. रंग आणि क्लिअरचे (वरच्या पारदर्शक, चकचकीत थराचे) हात दिल्यावर मॉडेल कपाटात ठेवले जाते, आणि काही आठवड्यांनी ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बॉडीवरून सरकताना नेमके त्या सांध्यावर मोडते. मग ती जागा घासली जाते, तीच पुट्टी पुन्हा भरली जाते, पुन्हा रंग दिला जातो आणि रेघ पुन्हा येते. माझे ठाम मत आहे की या टप्प्यावर घासण्याच्या कौशल्यात सहसा काहीही कमी नसते. ज्या दिवशी पृष्ठभाग सपाट केला त्या दिवशी त्याखालचा माल अजून हलत होता, म्हणून रेघ परत आली. तो का हलत होता हे शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती फार दिवस टिकत नाही.

शर्यतीच्या मोटारींमध्ये हा दोष अधिक बोचतो. १९७० साली हान्स हेर्मान आणि रिचर्ड ॲटवुड यांनी ज्या पोर्शे ९१७ मधून ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकली, ती २३ क्रमांकाची लाल-पांढरी गाडी आपल्यापैकी अनेकांना करावीशी वाटते. तिची बॉडी फायबरग्लासच्या मोठमोठ्या तुकड्यांची होती, त्यामुळे चाकांवरच्या फुगीर भागांवर खऱ्या गाडीत कोठेही सांधा नाही. मॉडेलवर तेथे दिसणारी प्रत्येक रेघ खोटी ठरते. १:२४ प्रमाणात तिचा २३०० मि.मी.चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) जेमतेम ९६ मि.मी. होतो, आणि ०.०५ मि.मी.ची खाच खऱ्या गाडीवरच्या १.२ मि.मी.च्या चिरेएवढी ठरते. गडद, चकचकीत लाल रंगावर ती लपण्याची शक्यता नाही.

आधी दिशा आणि वेळ पाहावी

पुट्टीच्या डब्याला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टी निश्चित कराव्यात. पहिली म्हणजे रेघ खाली गेली आहे की वर आली आहे. खोलीतील दिवे बंद करून टॉर्च बॉडीच्या पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून, सांध्याला आडवा प्रकाश पडेल असा धरावा. प्रकाश डावीकडून येत असेल आणि रेघेची डावी कड काळी व उजवी कड उजळ दिसत असेल, तर ती खाच आहे. डावी कड उजळ आणि उजवी काळी असेल, तर तो उंचवटा आहे. बोटाला हा फरक कळत नाही, डोळ्याला मात्र लगेच कळतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रेघ कधी दिसली. प्रायमर किंवा रंग मारल्यानंतर काही तासांत ती दिसली असेल तर थिनरने पुट्टीची कड फुगवली, असे समजावे. क्लिअर दिल्याबरोबर, चमक आल्याक्षणी दिसली असेल तर सांधा मुळातच सपाट नव्हता. काही आठवड्यांनी हळूहळू खाच पडली असेल तर आत अडकलेले सॉल्व्हंट (माल विरघळवणारा, उडून जाणारा द्रव) बाहेर पडत आहे. पावसाळ्यात दिसून उन्हाळ्यात पुसट होत असेल, किंवा याच्या उलट घडत असेल, तर आतील लाकूड अथवा धातू आणि बाहेरचे स्टायरीन वेगवेगळ्या मापाने हलत आहेत. मॉडेल हातात घेऊन हलकेच दाबल्यावर केसासारखी बारीक, तीक्ष्ण कडांची चीर दिसत असेल तर सांध्याला मागून आधार नाही. ही पाच कारणे वेगवेगळी आहेत आणि एका कारणाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

सांध्यावर किंवा त्याच्या आसपास पांढुरकी धूसर छटा आली असेल, तर ती तक्रार निराळी आहे. ती ओलाव्याची आहे. हवा २५ अंशांवर आणि आर्द्रता ८५ टक्क्यांवर असताना दवबिंदू सुमारे २२ अंशांवर असतो, आणि थिनर उडताना पृष्ठभाग तेवढा सहज गार होतो. त्यावर वाफ धरते आणि लॅकर (थिनर उडून वाळणारा रंग) पांढरे पडते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात लॅकर मारणे टाळावे, किंवा वाळणे मंदावणारा रिटार्डर घालावा, एवढे सांगून मूळ विषयाकडे वळतो.

आठवड्यांनी पडणारी खाच

सर्वाधिक तक्रारी या प्रकारच्या असतात, म्हणून येथे थोडे विस्ताराने लिहितो.

स्टायरीनचे तुकडे जोडायचा पातळ सिमेंट हा गोंद नाही. ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट यांसारखी सॉल्व्हंट त्यात असतात. ती दोन्ही कडांचे प्लास्टिक विरघळवतात, विरघळलेला माल एकमेकांत मिसळतो आणि सॉल्व्हंट उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एक तुकडा होतो. सांधा दाबला की मऊ माल बाहेर येऊन छोटा कणा तयार होतो. तो कणा वरून काही तासांत कडक लागतो आणि दुसऱ्या दिवशी आपण तो घासतो. परंतु त्या वेळी सांध्याच्या आतले प्लास्टिक अजून सॉल्व्हंटने फुगलेले असते. फुगलेल्या अवस्थेत ते सपाट केले जाते, त्यावर रंग चढतो, पुढचे काही आठवडे सॉल्व्हंट सावकाश बाहेर पडत राहते, माल आकसतो आणि रंगाचा थर त्याच्यासोबत खाली ओढला जातो. रंगाने सांधा झाकल्यावर सॉल्व्हंटची वाट आणखी अरुंद होते, त्यामुळे घाईने दिलेला रंग ही प्रक्रिया लांबवतो.

एकावर एक शीट चिकटवून जाड ठोकळा करणाऱ्यांना याचा फटका अधिक बसतो. एक मि.मी.च्या चार शीट पूर्ण पृष्ठभागावर सिमेंट लावून एकमेकींवर दाबल्या, तर मधल्या भागातील सॉल्व्हंटला बाहेर पडण्यासाठी फक्त कडा उरतात. असा ठोकळा कोरून चाकावरचा फुगीर भाग केला, तर महिन्याभराने त्यावर एकेक थर मोजता येईल अशा रेघा उमटतात, आणि कधी कधी पूर्ण भागच वाकतो. यासाठी शीट चिकटवताना सिमेंट सर्वत्र न पसरवता ठिपक्यांनी आणि कडेला लावावा, आतल्या शीटना दीड-दोन मि.मी.ची भोके पाडून ठेवावीत आणि त्या भोकांना बॉडीच्या आतल्या बाजूने तोंड ठेवावे. बाहेरून दिसणारच नसलेल्या जागी ही भोके मोकळ्या हाताने पाडली तरी चालतात.

शिवाजी उद्यमनगरातील एका वयस्कर पॅटर्नमेकरांना मी हा प्रश्न दाखवला होता. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांसाठी लाकडी पॅटर्न (ओतकामाचा साचा ज्यावरून उठवतात ते नमुने) घडवण्यात त्यांचे आयुष्य गेले आहे. बिडाचे कास्टिंग थंड होताना सुमारे एक टक्का आकसते आणि तेवढे माप पॅटर्नमध्ये आधीच वाढवावे लागते, हे त्यांच्या हातात मुरलेले आहे. स्टायरीनशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता, तरी सांधा पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो नेमका होता: “आत काय ओलं हाय ते आधी बघितलं का?” मला त्यांच्या या प्रश्नाचा फार उपयोग झाला, कारण पुट्टी कोणती वापरावी यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते आणि आत काय ओले आहे यावर जवळजवळ होत नाही.

आत ओले आहे की नाही हे तपासण्याची साधी पद्धत आहे. बॉडी घट्ट झाकणाच्या, स्वच्छ आणि स्वतःचा वास नसलेल्या डब्यात रात्रभर ठेवावी. स्टीलचा डबा उत्तम. सकाळी झाकण उघडताच नाक जवळ न्यावे. सिमेंटचा किंवा थिनरचा वास आला तर ती बॉडी घासण्यायोग्य झालेली नाही, मग सांधा कितीही कडक लागो. वास येणे थांबेपर्यंत थांबावे. साध्या सांध्याला आठवडा-दोन आठवडे पुरतात. जाड ठोकळ्याला महिना किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो. पावसाळ्यात खोली गार असते, खिडक्या बंद राहतात, हवा खेळत नाही आणि हा काळ वाढतो. घाई असेल तर खोक्यात साधा, तारेचा चाळीस वॅटचा बल्ब लावून आतील तापमान ४० अंशांच्या आसपास ठेवावे, आत थर्मामीटर ठेवून ते ५० च्या वर जाऊ देऊ नये आणि खोक्याला वर-खाली भोके ठेवावीत. सॉल्व्हंटची वाफ पेट घेऊ शकते, म्हणून खोक्यात बॉडी ठेवण्यापूर्वी ती किमान दोन दिवस उघड्या हवेत वाळलेली असावी आणि खोके सुरू ठेवून घराबाहेर जाऊ नये.

पुट्टीमुळे पडणारी खाच याच कुळातली आहे. गाड्यांच्या पेंटिंगच्या दुकानात मिळणारी, ट्यूबमधून थेट लावायची एनसी (नायट्रोसेल्युलोज) पुट्टी सॉल्व्हंट उडूनच वाळते, म्हणजे तिच्यातील जेवढा भाग उडतो तेवढी ती आकसतेच. ओरखडे बुजवण्यासाठी ती चांगली आहे, अर्धा मि.मी. खोल फट भरण्यासाठी ती योग्य नाही. स्टायरीनचे तुकडे सिमेंटमध्ये विरघळवून केलेल्या घरगुती पुट्टीचे तर आणखी वाईट, कारण तिच्यात सॉल्व्हंटचे प्रमाण फार मोठे असते. खोल फटीत त्याच प्लास्टिकची पट्टी किंवा उष्णतेने ताणून बारीक केलेली काडी बसवून आधी फट जवळजवळ पूर्ण भरावी आणि उरलेल्या रेघेपुरतीच पुट्टी वापरावी. माझ्या मते हीच सर्वांत विश्वासार्ह पद्धत आहे, कारण तेथे भरलेला माल आणि बॉडीचा माल एकच असतो. तो सारखाच घासला जातो आणि गरमीत सारखाच प्रसरण पावतो.

तासाभरात उमटणारी कड

प्रायमर मारल्यावर पुट्टीच्या डागाची बाह्यरेखा नकाशातल्या सीमेसारखी उमटली असेल, तर थिनर पुट्टीत शिरला आहे. कापसाच्या बोळ्यावर तोच थिनर घेऊन टाकाऊ तुकड्यावर वाळलेल्या पुट्टीला दहा-पंधरा सेकंद हलकेच घासून पाहावे. पुट्टी बोळ्यावर उतरली तर ती त्या थिनरखाली कधीही स्थिर राहणार नाही. हार्डनर मिसळून वापरायची पॉलिएस्टर पुट्टी, मळून वापरायची इपॉक्सी पुट्टी आणि सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) या कसोटीत टिकतात, कारण त्या रासायनिक क्रियेने घट्ट होतात. पॉलिएस्टर पुट्टी ओली असताना पातळ स्टायरीनला थोडी चावते, त्यामुळे अर्ध्या मि.मी.च्या शीटवर तिचा जाड गोळा एकदम लावू नये. गाड्यांचा एनसी थिनर उघड्या स्टायरीनवरही चालतो असे समजणे धोक्याचे आहे. त्यातील टोल्युइन आणि कीटोन वर्गातील सॉल्व्हंट शीटच घासाच्या रेघांसह फुगवतात. पहिले दोन-तीन हात अगदी कोरडे, धुक्यासारखे द्यावेत आणि ते वाळल्यावरच ओला हात द्यावा.

चमक आल्याक्षणी दिसणारी रेघ

येथे कारण कडकपणातील फरक हे असते. पुट्टी स्टायरीनपेक्षा मऊ असेल तर बोटाने घासताना ती अधिक झिजते आणि खोलगट होते. सायनोॲक्रिलेट अधिक कडक असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे स्टायरीन झिजते आणि मध्ये उंचवटा राहतो. उपाय म्हणजे वॉटर पेपर नेहमी कडक ठोकळ्यावर गुंडाळणे आणि सांध्याला समांतर न घासता तिरपे, आलटून पालटून दोन दिशांनी घासणे. फुगीर भागासाठी जाड स्टायरीनची, थोडी लवचीक पट्टी ठोकळ्याऐवजी वापरावी. सायनोॲक्रिलेटमध्ये टाल्कम पावडर मिसळली तर ते मऊ राहते आणि स्टायरीनच्या जवळपास त्याच वेगाने झिजते. मात्र लावल्यापासून तास-दोन तासांत ते घासून घ्यावे, कारण ते नंतर अधिकाधिक कडक होत जाते. खाण्याच्या सोड्याने ते क्षणात घट्ट होते पण दगडासारखे होते, म्हणून बाह्य पृष्ठभागावर सोडा वापरू नये.

सांधा सपाट झाला की नाही हे ठरवण्यासाठी काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून ८०० नंबरच्या पेपरने ठोकळ्यावर दोन-चार हात फिरवावेत. जेथे काळे उरले तेथे खोलगट आहे, जेथे लगेच प्रायमर उघडा पडला तेथे उंचवटा आहे. हे न करता केवळ मॅट प्रायमरकडे पाहून सांधा गेला असे म्हणू नये. मॅट पृष्ठभाग दोष लपवतो.

हंगामाबरोबर हलणारी रेघ

स्टायरीनची शीट पाणी जवळजवळ शोषत नाही, लाकूड शोषते. आत लाकडाचा किंवा एमडीएफचा ठोकळा तसाच ठेवून वर स्टायरीनचे कातडे चिकटवलेले मॉडेल जूनपासून सप्टेंबरपर्यंत फुगते आणि मार्च-एप्रिलमध्ये आकसते. या हालचालीला कोणतीही पुट्टी पुरत नाही. लाकडाचा साचा फक्त आकार देण्यासाठी वापरावा, गरम केलेली शीट त्यावर ओढून कवच काढून घ्यावे आणि लाकूड बाजूला करावे.

पितळेच्या सांगाड्याचे गणित करून पाहण्यासारखे आहे. पॉलिस्टायरीन दर अंशाला लांबीच्या सुमारे दहा लाखांत ७० भाग इतके प्रसरण पावते आणि पितळ सुमारे १९ भाग. १७० मि.मी. लांबीच्या बॉडीत तापमान २० अंशांनी बदलले, आणि डिसेंबरची पहाट व एप्रिलची दुपार यांत कोल्हापुरात तेवढा फरक सहज पडतो, तर स्टायरीन सुमारे ०.२४ मि.मी. लांबते आणि पितळ ०.०६. हा ०.१७-०.१८ मि.मी.चा फरक कोठेतरी जायला हवा. बॉडी सांगाड्याला दोन्ही टोकांना घट्ट चिकटवली असेल तर तो सर्वांत कमकुवत सांध्यात जातो. म्हणून बॉडी पुढच्या टोकाला पक्की करावी आणि मागे लांबट भोकातून स्क्रूने अशी धरावी की ती सरकू शकेल. कवचाला आतून आधार नसल्याने पडणाऱ्या केसासारख्या चिरेवरही येथेच उपाय होतो: सांध्याच्या मागे किमान सहा-आठ मि.मी. रुंदीची स्टायरीन पट्टी सिमेंटने चिकटवावी, मग पुढून भरावे.

रंगवलेल्या मॉडेलची दुरुस्ती

रंगावरच पुट्टी भरू नये. खाच महिन्यापूर्वी पडली असेल तर प्रथम काहीही न करता आणखी काही आठवडे थांबावे आणि टॉर्चने पुन्हा पाहावे. ती अजून खोल जात असेल तर दुरुस्तीची वेळ आलेली नाही. स्थिर झालेली खाच फार उथळ असेल आणि क्लिअर जाड असेल, तर वर क्लिअरचे आणखी हात देऊन, ते पूर्ण वाळल्यावर १५०० आणि २००० च्या पेपरने ठोकळ्यावर सपाट करून पॉलिश केल्याने काम भागते. हार्डनरचे पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर या कामाला सर्वांत चांगले, परंतु त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असते. घरातील खोलीत, कापडी मास्क लावून ते कधीही मारू नये. योग्य मास्क आणि हवा बाहेर खेचणारा बूथ नसेल तर बॉडी पेंटिंगच्या गॅरेजमध्ये नेऊन मारून घ्यावी.

खाच खोल असेल तर सांध्याच्या दोन्ही बाजूंना पंधरा मि.मी.पर्यंत रंग घासून स्टायरीन उघडे करावे. जुनी पुट्टी टोकदार हत्याराने पूर्ण उकरून काढावी, कारण तीच दोषी आहे. मागून पट्टी लावावी, डब्याची कसोटी पुन्हा घ्यावी, मग टाल्कम मिसळलेले सायनोॲक्रिलेट भरून ४०० पासून ८०० पर्यंत घासावे. नवा रंग जुन्या रंगात मध्येच विरवण्याचा प्रयत्न लाल रंगात क्वचित जमतो. जवळची खरी पॅनेल रेघ (गाडीच्या दोन तुकड्यांमधली फट) शोधावी आणि तेथपर्यंतचा पूर्ण तुकडा नव्याने रंगवावा. ९१७ मध्ये दाराची कड आणि मागच्या झाकणाची कड यासाठी उपयोगी पडतात. टेपची कड त्या खाचेत बसवली तर रंगाची पायरी दिसत नाही.

पुढील मॉडेलसाठी सांध्यांची जागा शीट कापण्यापूर्वीच ठरवावी. कवचाचे तुकडे जेथे खऱ्या गाडीचे तुकडे मिळतात तेथेच मिळतील अशी आखणी केली, तर तो सांधा भरावाच लागत नाही. त्याची खाच स्क्राइबरने (रेघ कोरण्याच्या हत्याराने) फक्त एकसारखी करावी लागते. मासेराती २५०एफ सारख्या, ॲल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून केलेल्या गाड्यांत हे सोपे जाते, कारण पत्र्यांच्या कडा उघड दिसतात. ९१७ मध्ये नाकाचा आणि शेपटीचा तुकडा प्रत्येकी एकाच कवचात ओढावा लागतो, साचा अधिक खोल होतो आणि शीट कोपऱ्यात पातळ पडते, म्हणून ०.५ ऐवजी १ मि.मी.ची शीट घ्यावी आणि कवच आतून इपॉक्सी व बारीक काचेच्या कापडाने मजबूत करावे. कोल्हापुरातील हवामान पाहता कवचे ओढणे आणि चिकटवणे फेब्रुवारी-मार्चमध्ये संपवावे, उन्हाळाभर बॉडी झाकून पण हवेशीर ठेवावी, पावसाळ्यात चाके, इंजिन आणि सस्पेन्शनचे काम करावे आणि ऑक्टोबर उजाडल्यावर टॉर्चने सर्व सांधे एकदा तपासून मगच प्रायमर उघडावा.